लेकीच्या गाडीचा उंबरा

१

जॅक जागचा हललाच नव्हता. तो अजून अंगणातल्या फरशीवर ताठ उभा होता. गाडीच त्याच्यावर फाटली होती.

मी वाकून पाहिलं आणि वाकलेलाच राहिलो. दाराखाली जी पोकळ लोखंडी पट्टी असते, चढता-उतरता आपण जिच्यावर पाय घासतो, तिला माझी बायको गाडीचा उंबरा म्हणते. भिजलेल्या पुठ्ठ्यात अंगठा जावा तसा जॅक त्या उंबऱ्यात घुसला होता. गाडी जुनीपुराणी असती तर समजलं असतं. पण हिला चार वर्षंही झाली नव्हती. वरून बघाल तर पांढरीशुभ्र, नजर लागावी अशी.

ज्यांची गाडी, त्या घरातला मोठा मुलगा पंक्चर झालेलं चाक बदलायला बसला होता. चाक निघालं, गाडी धपकन खाली आली आणि त्याचं पाऊल सापडलं. शेजाऱ्यांनी धावत येऊन गाडी उचलली म्हणून निभावलं.

माझी बायको गाड्यांची सर्व्हेअर आहे. अपघात झाला की इन्शुरन्सवाले तिला पाठवतात. गाडीचा कुठला खिळा कुठे असतो हे तिला झोपेतही सांगता येईल, फक्त गाडी तेवढी चालवता येत नाही. ते काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आलं. बिनपगारी, आणि अधिकार तर मुळीच नाही.

ती चटई टाकून गाडीखाली आडवी झाली. "अहो, टॉर्च," खालून हात बाहेर आला. मी टॉर्च दिला. थोड्या वेळाने आवाज आला, "कोटिंग केलेलं दिसतंय. भरपूर आहे. कुणी केलं?"

"आमच्या व्याह्यांनी." पायरीवर बसलेल्या त्या घरच्या सासूबाई जणू याच प्रश्नाची वाट बघत होत्या. त्या मोठ्या मुलाच्या आई, म्हणजे घरच्या कर्त्या. "गाडी आली त्याच आठवड्यात म्हणाले, गंज लागू नये म्हणून कोटिंग करायलाच हवं, आणि परक्याकडे कशाला, मी आहे ना! मी पैसेही दिले, फुकट नाही करून घेतलं. आता बघा काय केलंय ते. आणि तो डाग बघा. माझ्या मुलाच्या रक्ताचा आहे. कुणाला पुसू नाही दिला मी."

गाडीखाली ताटाएवढा तांबूस डाग सुकून बसला होता. मी पाय मागे घेतला.

कुंपणापलीकडून शेजाऱ्याने मान उंचावली. त्याच्याकडे हीच गाडी, हाच रंग, दोघांनी एकाच दिवशी घेतलेली. "मी कोटिंगवर छदाम घातला नाही हो मॅडम," तो म्हणाला. "माझी बघा!" बायकोने बघितली. ठणठणीत होती.

गंजाचे पैसे कंपनी देत नाही, त्यामुळे आमचं काम तिथेच संपलं होतं. आम्ही निघालो तर घरची सून गेटपर्यंत धावत आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज घट्ट होता.

"ताई, पैसे मिळोत न मिळोत. माझे बाबा चोर आहेत का, एवढंच मला सांगा. सासूबाई म्हणतात, त्यांनी या घराची पायरी पुन्हा चढायची नाही. आणि मीही ठरवायचं, मला कुठलं घर हवंय ते."

"आणि नवरा काय म्हणतो?"

"ते गप्प आहेत. पाय त्यांचा मोडलाय. मी कुठल्या तोंडाने विचारू?"

बायकोने गाडीचं उघडलेलं दार पुन्हा लावलं. मला कळलं, आज जेवायला उशीर होणार.

२

मोठा मुलगा पलंगावर होता, पाय उशीवर, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. बायकोने त्याला आधी गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. दुखतं का, झोप लागते का, असलंच विचारत राहिली.

"दोन हाडं मोडली," तो म्हणाला. "पण नशीब म्हणायचं, कातडीला ओरखडाही नाही. डॉक्टरसुद्धा बघत राहिले."

"कोटिंग खरंच केलं होतं का हिच्या बाबांनी?" बायकोने मग हळूच विचारलं.

"केलं होतं. गाडी परत आणली तेव्हा खालून वासच येत होता. पण काय लावलं, कसं लावलं, ते मी कुठे बघायला गेलो?" तो आपल्या बायकोकडे बघेना. सुनेला या उत्तराने बरं वाटलं नाही, हे मलाही दिसलं.

मग सून बोलली. गाडी जरा विचित्रच वागायची म्हणे. सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असायच्या. वळणावर कुठेतरी डुबूक-डुबूक वाजायचं. "सासूबाई म्हणायच्या, तुझीच पाण्याची बाटली सीटखाली गेली असणार. मी दहा वेळा शोधली. नव्हती."

तेवढ्यात दारात उभा असलेला दीर खाकरला. धाकटा भाऊ, लग्नाचा, केसांना जेल. मघापासून तो आत येत होता आणि बाहेर जात होता.

"वहिनी, मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "गाडी मी एकदा समुद्रावर नेली होती. अगदी पाण्यापर्यंत. लाट आली आणि दारापर्यंत भिजली. कुणाला बोललो नाही, धुऊन आणली. खारं पाणी लोखंड खातं ना? मग हे मीच केलंय."

सुनेच्या चेहऱ्यावर आशा आली आणि आशा आल्याची लाजही आली. मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. मी किल्ल्या खिशातून काढल्यासुद्धा.

"एकटेच गेला होतात?" बायकोने विचारलं.

"नाही, शेजारचे काका होते. दोघांनी शर्यत लावली होती."

कुंपणाशी जाऊन मी शेजाऱ्याला विचारलं. तो आधी आकाशाकडे बघू लागला, मग हळूच म्हणाला, "आमच्या हिला सांगू नका." त्याचीही गाडी तेवढीच भिजली होती आणि ती ठणठणीत होती. दिराचा समुद्र वाहून गेला.

परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्याला जखम झालीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रक्त आलंच नाही. मग अंगणातला तो डाग कशाचा आहे?"

मागचे हॉर्न वाजवत होते. मी गाडी पुढे घ्यायची विसरलो होतो.

३

दुसऱ्या दिवशी ती तिचा लाडका कॅमेरा घेऊन गेली. लांब तारेच्या टोकाला वाटाण्याएवढा कॅमेरा आणि त्याच्याबरोबर दिवा. डॉक्टर पोटात घालतात तसा ती हा गाड्यांच्या पोटात घालते.

आधी शेजाऱ्याची गाडी. उंबऱ्याच्या तळाशी एक बारीकसं भोक होतं, त्यातून तिने तार आत सारली. पडद्यावर एक लांब रुपेरी बोगदा दिसला. भिंती कालच घडवल्यासारख्या स्वच्छ, दिव्याचा उजेड दूरपर्यंत सरळ जाणारा. ज्या जागेत माणसाची नजर कधी जाणार नाही, तिथे इतकं नेटकं काम कुणी करून ठेवलं असेल? मी शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. तोही गप्प झाला, आणि तो गप्प होणं ही लहान गोष्ट नाही.

मग फाटलेली गाडी. इथे खाली चाचपून तिला आत जायला वाट मिळेना. शेवटी जॅकने पाडलेल्या भगदाडातूनच तार गेली. पडदा उजळला.

आत गुहा होती. तांबडे, काळे, जांभळे पापुद्रे थरावर थर, काही सुटून लोंबणारे, काही तळाशी ढीग होऊन पडलेले. एवढ्याशा पट्टीच्या पोटात चार वर्षं हे गुपचूप वाढत होतं, आणि वर बसून ही माणसं बाजाराला जात होती. भीती वाटली, आणि खरं सांगतो, ते देखणंही होतं. सर्वांत नवल म्हणजे बाहेरचं कोटिंग. ते जसंच्या तसं शाबूत होतं. लोखंड मेलं होतं आणि त्याचं कातडं उभं होतं.

"गंज बाहेरून आत जातो," बायको पुटपुटली. "हा आतून बाहेर आलाय."

तिथून आम्ही सुनेचे वडील काम करायचे त्या कोटिंगच्या दुकानात गेलो. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. डोक्यावर कायम टोपी असते, म्हणून असेल असं मला वाटलं. त्या दिवशी ते कामावर आले नव्हते. दुकानाचा मालक रॅम्पखाली उभा राहून चहा पीत होता.

"हात चांगला आहे त्यांचा," मालक म्हणाला. "आधी गोदीत बोटींवर होते. पण चेंगट! एका गाडीवर दिवस घालवतील. म्हणून मी त्यांच्या हातात फक्त फवारा देतो. गाडी कागद-चिकटपट्टीने बांधणं, सोडणं, नंतर सगळं साफ करणं, ते मीच करतो. ही बघा, त्यांनीच फवारलेली. पाच वर्षं झाली, सर्व्हिसिंगला आलीये."

रॅम्पवरच्या गाडीचं पोट बायकोने बोट फिरवून पाहिलं, कॅमेराही आत घालून पाहिला. कुठे गंजाचा टिपूस नाही.

आता माझं डोकं खरंच गरगरलं. जिला काहीच लावलं नाही ती गाडी ठीक. कप्तानांनी गिऱ्हाइकासाठी भराभर फवारली ती ठीक. घरचीच तेवढी कुजली. म्हणजे माणसाने परक्यांना सोडून नेमकं व्याह्यांनाच फसवलं?

"आणि त्यांच्या लेकीची गाडी?" बायकोने विचारलं. "ती कशी केली होती?"

मालकाने कप खाली ठेवला. "लेकीची? बाई, ती गाडी माझ्या दुकानात कधी आलीच नाही."

४

कप्तान एकटेच राहायचे, एका खोलीत. दार उघडलं आणि जाणवलं, आत वाराच नव्हता. रस्त्यावरचा आवाजही नव्हता. खिडकीची प्रत्येक फट पुट्टीने भरलेली होती आणि त्यावर अंगठ्याने इतकी सफाईने रेघ ओढलेली की बघत राहावं. मी तसं म्हणालो.

"इथे वारासुद्धा विचारून येतो," ते म्हणाले. पण हसले नाहीत. दाढी वाढलेली होती. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभे राहिले, जणू आम्ही न्यायाधीश होतो.

बायको खिडकीशी गेली. सरकत्या काचांच्या खालच्या खोबणीत पाणी साचलेलं होतं. चौकटीखालची भिंत ओलीने काळवंडली होती. तिने खोबणीवरून बोट फिरवलं, मग चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, आणि रुमालाने हात पुसला.

"गाडी दुकानात का नेली नाहीत?"

"तिथे घाई असते, बाई. मालक म्हणतो, फवारा मारा आणि सोडा. ती माझ्या लेकीची गाडी होती. तीन दिवस सुट्टी घेतली. इथल्या मागच्या शेडमध्ये विटांवर चढवली. विहीणबाईंनी दिलेल्या पैशांत माझी भर घातली आणि गोदीत मिळतं ते भारी सामान आणलं. दुकानातलं नाही वापरलं. इंच न् इंच हाताने केलं. मुंगी शिरायची नाही असं केलं."

"एकट्याने?"

"दुसऱ्याच्या हाताचा भरवसा काय?" त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मी हयगय केली असती तर खुशाल चोर म्हणा. पण माझ्या जावयाचा पाय माझ्याच कामाखाली मोडला. लेक फोन करत नाही. करते आणि बोलत नाही. मला एवढंच कळू दे, बाई, माझं चुकलं कुठे?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बायकोने त्यांना फक्त इतकंच सांगितलं, "उद्या दुकानात या. रॅम्पवर. सगळ्यांना बोलावते."

जिन्यात मी तिला गाठलं. "अगं, मग चोर कोण? सापडला का?"

"सापडला," ती म्हणाली. "अजून गाडीतच बसलाय."

५

फाटकी गाडी ओढून आणून रॅम्पवर चढवली होती. शेजारच्या रॅम्पवर तिची जुळी. मोठा मुलगा खुर्चीत, पाय स्टुलावर. त्याच्यामागे सासूबाई, हाताची घडी. सून नवऱ्यापासून आणि वडिलांपासून सारख्याच अंतरावर उभी, कुणाकडेच नाही. दीर आणि शेजारी एकमेकांची नजर चुकवत होते. कप्तान टोपी हातात धरून भिंतीला टेकले होते.

बायकोने एक तांब्या पाणी घेतलं आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवर ओतलं.

पाणी काचेवरून खाली गेलं, रबरापाशी नाहीसं झालं आणि क्षणभराने दाराच्या तळातून तीन बारीक धारा जमिनीवर पडू लागल्या. शेजारी ओरडला, "अहो, माझी गाडी गळतेय!"

"गळायलाच हवी," बायको म्हणाली. "काच वरखाली होते, म्हणून तिथे फट राहणारच. पाणी दारात शिरतं. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिथूनही शिरतं आणि उंबऱ्यात उतरतं. प्रत्येक गाडीत, प्रत्येक पावसात. गाडी बनवणाऱ्याला हे ठाऊक होतं. पाणी अडवता येत नाही, म्हणून त्याने तळाशी भोकं ठेवून त्याला वाट करून दिली."

मी इतकी वर्षं गाडी चालवतोय. पावसाचा प्रत्येक थेंब माझ्या दारातून जाऊन मुकाट्याने बाहेर पडतोय, याचा मला पत्ता नव्हता. ती करंगळीही जाणार नाही अशी भोकं बघून मला हात जोडावेसे वाटले.

मग तिने फाटक्या गाडीच्या काचेवर पाणी ओतलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा. सगळे दाराखाली बघत होते. एक थेंब पडला नाही.

कप्तानांचा चेहरा क्षणभर उजळला. कसलेल्या कारागिराला आपलं काम ओळखू आलं. आणि दुसऱ्याच क्षणी तो चेहरा विझला, कारण त्यांना पुढचं कळलं होतं. ते भिंतीशी खाली बसले.

बायकोने त्यांच्यासमोर टोचा धरला. "तुमच्याच हाताने, कप्तान. दाराच्या तळाशी जिथे पुट्टी भरलीत, तिथे."

ते उठले. जागा शोधावी लागली नाही. हात आपोआप तिथे गेला. टोचा आत शिरला, त्यांनी तो फिरवून ओढला, आणि पाणी आलं.

थेंब नव्हे, धार आली. तांबडी, घट्ट, समुद्राचा वास असलेली. ती थांबेचना. बादली लावली, बादलीचं बूड झाकलं, पाणी चढत गेलं आणि धार तशीच. दाराच्या पातळ पोटात एवढं पाणी! आम्ही सगळी मोठी माणसं लहान पोरांसारखी तोंडं उघडी टाकून उभी होतो.

"हा तुमचा चोर," बायको हळू म्हणाली. "वळणावर डुबूक करायचा तो. काचा धुरकट करायचा तो. समुद्राची लाट दोन्ही गाड्यांत शिरली. काकांच्या गाडीतून निघून गेली, इथे मुक्काम करून राहिली. अंगणातला डागही रक्ताचा नाही. जॅक घुसला तेव्हा उंबऱ्यातलं पाणी सांडलं, त्याचा आहे. दुकानात कप्तान फक्त फवारा मारतात, भोकं मोकळी राहतील हे मालक बघतो. ही गाडी त्यांनी एकट्याने केली, आणि घरच्या खिडकीसारखी हिचीही सगळी भोकं बुजवली."

"मला वाटलं, कारखान्याची चूक आहे," कप्तान म्हणाले. कुणाकडे न बघता. "नव्या गाडीच्या बुडाला भोकं! गोदीत एक भोक राहिलं तर माणसं घरी परत येत नाहीत, विहीणबाई. मी जन्मभर तेच बुजवत आलो. माझी लेक बसणार, आणि मी भोक उघडं ठेवू?"

"म्हणजे त्यांची चूक नाही?" सुनेने विचारलं.

"चूक त्यांचीच आहे," बायको म्हणाली. ती कुणाला खोटा धीर देत नाही. "पाय त्यांच्याच चुकीने मोडला. पण चोरी नाही. इतकं जीव ओतून केलेलं काम मी आजवर पाहिलं नाही. एक जरी भोक त्यांच्या नजरेतून सुटलं असतं ना, तरी ही गाडी वाचली असती."

शेजाऱ्याला मात्र चैन पडेना. "मॅडम, शेवटी नव्या गाडीला कोटिंगवर पैसे घालावे की नाही?"

"आजकालच्या गाड्यांना कारखान्यातूनच बरंचसं संरक्षण येतं. समुद्राजवळ राहत असाल तर जाणत्याकडून करा, आणि आधी त्याला विचारा, भोकांचं काय करतोस? उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवा. गाडी खालून धूत चला. आणि शर्यती लावू नका." शेजारी दिराच्या मागे सरकला.

मोठा मुलगा इतका वेळ बादलीकडे बघत होता. "बाबा," तो कप्तानांना म्हणाला, "माझ्या प्लास्टरला मात्र कोटिंग करू नका हं." आणि मग त्याने आपल्या बायकोकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी, सरळ.

सासूबाई पुढे आल्या. वाकून बादलीत पाहिलं, दारात पाहिलं, पुट्टीवर अंगठ्याने ओढलेली ती सफाईदार रेघही पाहिली. त्या काय बोलणार याकडे सगळ्यांचे कान लागले होते. त्या सुनेकडे वळल्या.

"तुझ्या बापाने जरा हात राखून काम केलं असतं, तर बरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या. मग पदराने नाक पुसत, दुसरीकडे बघत, "घरी या म्हणावं त्यांना. जावयाला भेटायला इथे कशाला?"

सून धावली नाही. चालत वडिलांजवळ गेली आणि गाडीखाली त्यांच्या शेजारी उभी राहिली. धार आता बारीक झाली होती, पण चालूच होती. कप्तान तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नकळत त्यांचा हात वर गेला. अंगठा बरोब्बर त्या भोकावर बसला. पाणी थांबलं.

तिने तो अंगठा धरला आणि हळूच बाजूला केला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "वाहू दे."

पाणी पुन्हा बादलीत पडायला लागलं. तिने त्यांचा हात सोडला नाही.